वाचक विचारतात: कापलेलं जोडू न देणारी औषधं

मागच्या महिन्यात या सदरासाठी किमोच्या औषधांवर प्रश्न मागवले आणि पत्रांचा ढीग आला. त्यातली निम्मी ‘कुठला डॉक्टर चांगला’ अशी होती. ती मी बाजूला ठेवली. मी आयुष्यभर वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवलं, रुग्ण तपासले नाहीत. चांगला डॉक्टर कोण हे मी कशाच्या जोरावर सांगू? उरलेल्या पत्रांत मात्र एक गंमत दिसली. कुणी लाल सलाइनबद्दल विचारलंय, कुणी पोट बिघडवणाऱ्या इंजेक्शनबद्दल, कुणी सह्याद्रीतल्या एका झाडाबद्दल, तर एकाने अभ्यासातली शंका पाठवलीय. या सगळ्यांची उत्तरं पेशीतल्या एकाच एन्झाइम-जोडीपाशी येतात. म्हणून या वेळी तेवढीच पत्रं घेतली. विद्यार्थ्याचं आधी घेते, म्हणजे पुढे तेच ते सांगावं लागणार नाही.

*‘डीएनएची प्रत निघताना हेलिकेज दोन पदर उलगडतं आणि पीळ सैल करणारं आणखी एक एन्झाइम असतं, एवढं पुस्तकात एका ओळीत उरकलंय. पीळ सैल करतं म्हणजे नेमकं काय करतं? कॅन्सरची काही औषधं हेच एन्झाइम बंद पाडतात असं वाचलं. एन्झाइम बंद, म्हणून पेशी मेली, इतकं सोपं आहे का?’ (बारावीचा विद्यार्थी, बार्शी)*

दोन पदरी सुतळीचा हातभर तुकडा घे. एक टोक खिडकीच्या गजाला बांध आणि मोकळ्या टोकाचे दोन पदर दोन हातांत धरून फाकवत जा. वीतभर उलगडलंस की पुढची सुतळी कडक होईल आणि स्वतःभोवतीच वेटोळी घालायला लागेल. गजाकडचं टोक सुटं असतं तर ते गरगर फिरून पीळ निघाला असता. बांधलेलं आहे, त्यामुळे पीळ जाणार कुठे? मी वर्गात हे दरवर्षी करून दाखवायची. फळ्यावरच्या आकृतीपेक्षा ते लक्षात राहतं.

डीएनएच्या दोन पदरांवरची रासायनिक अक्षरं समोरासमोर जोड्यांनी असतात. साधारण दर साडेदहा जोड्यांमागे एक वेढा असतो. माणसाच्या पेशीत सुमारे ६०० कोटी जोड्या धर, म्हणजे वेढे झाले ५५-६० कोटी. लांबी दोन मीटर, आणि हे सगळं मावतं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या किंवा त्याहूनही लहान केंद्रकात. पेशी दुभंगण्याआधी यातला प्रत्येक वेढा सुटावा लागतो. टोक फिरवून ते होणं शक्य नाही. मग उरतो एकच मार्ग: मधेच कापायचं, पीळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा जोडायचं.

हे करणारं पहिलं प्रथिन जेम्स वांग यांनी १९७१ मध्ये ई. कोलाय जिवाणूत दाखवलं. पुढच्याच वर्षी जेम्स शाम्पू आणि रेनातो दुल्बेको यांना उंदराच्या पेशीत तसंच काम करणारं प्रथिन सापडलं. आज या कुळाला टोपोआयसोमरेज म्हणतात. आपण टोपो म्हणू. टोपो-१ डीएनएचा एकच पदर कापतं. कापताना ते तुटलेलं टोक मोकळं सोडत नाही. त्याच्या अंगातलं टायरोसिन हे अमिनो आम्ल त्या टोकाशी रासायनिक बंधाने जोडलं जातं, अखंड पदराभोवती पीळ फिरून निघून जातो, आणि मग एन्झाइम तो बंध सोडून पदर होता तसा सांधतं. त्या बंधातच ऊर्जा राखलेली असते, त्यामुळे बाहेरून ऊर्जा लागत नाही. टोपो-२ जास्त धाडसी. ते दोन्ही पदर कापतं, त्या फटीतून डीएनएचा दुसरा अखंड भाग पार करवतं आणि मग जोडतं. त्याला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चावं लागतं. प्रत निघाल्यावर एकमेकींत अडकलेल्या दोन प्रती वेगळ्या करणं, हे काम टोपो-२ शिवाय होत नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न. तो तू विचारलास याचा मला फार आनंद झाला, कारण पदव्युत्तर विद्यार्थीही इथे हमखास अडखळतात. एन्झाइम बंद पडलं म्हणून पेशी मेली, असं इथे होत नाही. टोपो-१ वरचं मूळ औषध कॅम्प्टोथेसिन. ते कापण्याच्या आड येत नाही. एन्झाइमने पदर कापला की ते त्या फटीत, डीएनए आणि एन्झाइम यांच्या मधे जाऊन बसतं आणि जोडणं थांबवतं. एन्झाइम तुटलेलं टोक धरून तिथेच अडकून राहतं. १९८८ मध्ये यीस्टवर झालेल्या प्रयोगांनी हे स्वच्छ दाखवलं. यीस्ट टोपो-१ शिवाय जगू शकतं. ज्या यीस्टमधून टोपो-१ चं जनुकच काढून टाकलं, त्याला कॅम्प्टोथेसिन बाधेना! एन्झाइम बंद पाडून हे औषध मारत असतं, तर जनुक काढलेलं यीस्ट आधीच मरायला हवं होतं. म्हणजे घात करतं ते अडकलेलं एन्झाइम. ज्या पेशीत टोपो जास्त, तिला इजा जास्त. आणि कॅन्सरच्या पेशी या औषधांना दाद देईनाशा होतात, त्यातला एक मार्ग म्हणजे टोपो कमी बनवणं. इतर बहुतेक औषधांच्या बाबतीत आपण याच्या बरोबर उलट शिकतो.

एका पदरातल्या तेवढ्याशा कापाने पेशी मरत नाही. औषध निघून गेलं की काही मिनिटांत एन्झाइम जोडकाम पूर्ण करतं. पण त्याच वेळी तिथून डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा येत असेल तर ती अडकलेल्या एन्झाइमवर आदळते आणि एका पदरातली फट दोन्ही पदरांची तूट होते. ती सांधणं अवघड असतं. म्हणून टोपो-१ ची औषधं प्रामुख्याने प्रत काढण्यात गुंतलेल्या पेशींना मारतात. अशा पेशी गाठीत असतात, तशाच अस्थिमज्जेत (हाडांच्या आतल्या, रक्त बनवणाऱ्या मगजात), आतड्याच्या अस्तरात आणि केसांच्या मुळांतही असतात. किमोचे निम्मे त्रास तुला इथेच समजतील.

*‘आईला स्तनाच्या कॅन्सरसाठी लाल रंगाचं औषध देतात, दर तीन आठवड्यांनी, चार वेळा. आधी टूडी इको करायला सांगितला. आजार छातीच्या गाठीचा, मग हृदयाचा तपास कशाला? बिल वाढवायला? आणि दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली, रक्त असेल का?’ (मुलगी, जळगाव)*

आधी लघवीचं. औषध दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर किंवा नारिंगी होते. तो औषधाचाच रंग आहे. त्यानंतरही लाली राहिली, जळजळ झाली, तर मात्र कळवा.

औषध बहुधा डॉक्सोरुबिसिन. सोबतच्या दुसऱ्या औषधासह त्याचे चार डोस ही स्तनाच्या कॅन्सरमध्ये रुळलेली पद्धत आहे. इटलीत आग्नेय किनाऱ्याजवळ कास्तेल देल मोन्ते नावाचा जुना किल्ला आहे. तिथल्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिलानच्या फार्मिटालिया कंपनीने आधी डॉनोरुबिसिन आणि पुढे त्याच जिवाणूच्या बदललेल्या वाणातून हे औषध मिळवलं. ते टोपो-२ ला कापलेल्या अवस्थेत अडकवतं. आता प्रश्न हृदयाचा. प्रौढ माणसाच्या हृदयातल्या स्नायुपेशी जवळजवळ दुभंगतच नाहीत, मग त्यांना इजा का? बरीच वर्षं सगळा दोष लोह आणि मुक्त मूलकांवर (पेशीला इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंवर) टाकला जात होता. मीही वर्गात तेच शिकवलं, पुस्तकात तेच होतं. टोपो-२ चे आपल्या शरीरात दोन प्रकार आहेत, अल्फा आणि बीटा. वाढणाऱ्या गाठीत अल्फा भरपूर असतं. हृदयाच्या पेशीत अल्फा जवळपास नसतंच, पण बीटा असतं. २०१२ मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातल्या संशोधकांनी उंदरांच्या हृदयपेशींतून बीटाचं जनुक काढून टाकलं आणि त्या उंदरांचं हृदय डॉक्सोरुबिसिनपासून बऱ्यापैकी बचावलं. गाठ मारण्याची आणि हृदय दुखावण्याची किल्ली एकाच कुळातल्या दोन भावंडांकडे आहे. त्यातल्या फक्त एकालाच पकडणारं औषध अजून रोजच्या वापरात आलेलं नाही.

म्हणून इको. बिल वाढवण्याचा संशय इथे सोडून द्या. तो न करता हे औषध सुरू केलं असतं तर मी तुम्हाला दुसरं मत घ्यायला सांगितलं असतं. हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा आधी नोंदवतात आणि नंतर त्याच्याशी तुलना करतात. हृदयाची इजा एकूण मात्रेबरोबर वाढते. पूर्वी शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ५५० मिलिग्रॅम ही जन्मभराची मर्यादा धरत. आता ४०० ते ४५० च्या आसपासच हात आखडता घेतात. नेहमीच्या चार डोसांत, दर वेळी ६० प्रमाणे, २४० होतात. म्हणजे अंतर राखलेलं आहे. पण वय जास्त असेल, रक्तदाब असेल, आधी छातीवर रेडिएशन झालं असेल किंवा हे औषध पूर्वी कधी मिळालं असेल, तर हिशेब बदलतो. आईची जुनी कागदपत्रं फाइलमधून हरवू देऊ नका. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरांना हा २४० चा आकडा लागू शकतो.

आणखी एक गोष्ट विचारली नाहीत तरी सांगते. हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथली कातडी आणि मांस जळतं. सलाइन चालू असताना हाताला आग झाली, सूज दिसली तर ‘सिस्टर कामात आहेत, संपू दे’ असं करू नका. तिथल्या तिथे हाक मारा.

*‘भावाला (वय २६) वृषणाचा कॅन्सर झाला. बीईपीच्या तीन सायकल झाल्या, रिपोर्ट चांगले आहेत. पण त्यातल्या एका औषधाने पुढे रक्ताचा कॅन्सर होतो असं कुणीतरी सांगितलं. खरं का?’ (बहीण, निपाणी)*

होतो, पण क्वचित. बीईपीमधलं ‘ई’ म्हणजे इटोपोसाइड, हेसुद्धा टोपो-२ ला अडकवणारं. त्याचं मूळ द्रव्य पोडोफायलम या वनस्पतीत मिळतं. तिची एक जात आपल्या हिमालयात आहे. दोन्ही पदर तुटलेले असताना दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांची टोकं जवळ आली, तर पेशी घाईत भलत्याला भलतं जोडते. अस्थिमज्जेतल्या एखाद्या पेशीत ११ व्या गुणसूत्रावरच्या एका ठराविक जागी असं झालं, की त्यातून ल्युकेमिया उभा राहू शकतो, बहुतेकदा दोन-तीन वर्षांत. तीन-चार सायकलच्या नेहमीच्या मात्रेला हा धोका शंभरात एकाहूनही कमी आहे. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा: वृषणाचा कॅन्सर पसरल्यावरही, कमी धोक्याच्या गटातले दहातले नऊहून अधिक तरुण या उपचाराने बरे होतात. भावाने पुढच्या तपासण्या चुकवू नयेत, त्यात रक्ताचे काउंट्स असतातच. आणि ज्यांनी हे सांगितलं त्यांना पुढच्या वेळी दोन्ही आकडे सांगायला सांगा.

*‘वडिलांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी इरिनोटेकान चालू आहे. जुलाबांनी हैराण झालेत. त्यांना उपास केला की पूर्वीपासून डोळे पिवळसर दिसतात, याचा काही संबंध?’ (मुलगा, ठाणे)*

संबंध असू शकतो, आणि हे डॉक्टरांना अजून सांगितलं नसेल तर हा अंक खाली ठेवून आधी फोन करा.

इरिनोटेकान शरीरात गेल्यावर त्याचं एसएन-३८ नावाचं कितीतरी जहाल द्रव्य बनतं. टोपो-१ ला अडकवतं ते हेच. यकृत त्याला एक साखरेचा रेणू जोडून निकामी करतं आणि पित्तातून आतड्यात टाकतं. तिथले जिवाणू ती साखर तोडून खातात आणि एसएन-३८ पुन्हा मोकळं होऊन आतड्याच्या अस्तराला भाजतं. साखर जोडणारं यकृतातलं एन्झाइम काही घराण्यांत जन्मतःच कमी बनतं. तेच एन्झाइम बिलिरुबिन हे रक्तातलं पिवळं द्रव्यही हाताळतं, म्हणून अशा माणसांचे डोळे उपासाला पिवळे दिसतात; एरवी त्यांना काहीही त्रास नसतो. रक्तातून ती जनुकतपासणी होते, आणि त्यावरून मात्रा कमी करायची का ते डॉक्टर ठरवतात.

सलाइन चालू असताना किंवा त्याच दिवशी घाम, लाळ, पोटात मुरडा आणि जुलाब झाले, तर त्याला ॲट्रोपिन देतात. २४ तासांनंतरचे जुलाब वेगळे. त्यासाठी लोपेरामाइडच्या गोळ्या किती आणि कशा घ्यायच्या ते दवाखान्यातून कागदावर लिहून आणा आणि पहिल्याच पातळ शौचाला सुरू करा. जुलाब आणि ताप एकत्र आले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा, कारण त्याच सुमाराला पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. साबुदाण्याची पेज, ताक वगैरे ठीक, पण त्यावर विसंबून दोन दिवस काढू नका.

*‘आमच्या रानात नरक्या आहे. बाहेरची माणसं खोडाचे तुकडे गोणीत भरून नेतात, कॅन्सरच्या औषधाला जातं म्हणे. शेजारच्या काकांना आतड्याचा कॅन्सर आहे. गावात एकाने साल उकळून काढा द्यायला सांगितलाय. झाडच औषधाचं, तर थेट घ्यायला काय हरकत?’ (वाचक, शाहूवाडी)*

देऊ नका. काढा ठेवला असेल तर ओतून टाका. कारण सविस्तर सांगते, म्हणजे तुम्हाला गावात भांडता येईल.

नरक्यात कॅम्प्टोथेसिन आहे, हे खरं. मुंबईला गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये ते या झाडात असल्याचं प्रसिद्ध केलं. पण हे द्रव्य मुळात सापडलं ते एका चिनी झाडात, आणि ते सापडवणाऱ्या दोघांपैकी एक आमच्या खानदेशातले. मी धुळ्याची, त्यामुळे इथे थोडी लांबण लागणार. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. तेव्हा नंदुरबार हा वेगळा जिल्हाही नव्हता. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रायअँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्यासोबत कामाला लागले. १९६६ मध्ये या दोघांनी आणि सहकाऱ्यांनी कॅम्प्टोथेसिनची रचना जाहीर केली. पाच वर्षांनी त्याच प्रयोगशाळेतून टॅक्सॉलची रचना आली. कॅन्सरची दोन मोठी औषधकुळं एकाच खोलीतून निघाली. वाणी २०२० मध्ये वारले. आमच्याकडच्या किती शाळांत त्यांचं नाव घेतलं जातं, ते विचारू नका.

पुढचं तुमच्या कामाचं. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही. म्हणून १९७० च्या सुमाराला अमेरिकेत रुग्णांना ते सोडियमचा क्षार करून दिलं. विरघळलं, पण त्यासाठी रेणूतलं एक कडं उघडावं लागलं, आणि त्याची सगळी शक्ती त्या बंद कड्यातच आहे. म्हणून मात्रा वाढवावी लागली. मूत्राशयातल्या आम्लधर्मी लघवीत ते कडं पुन्हा बंद झालं, औषध तिथे जागं झालं आणि रुग्णांना लघवीतून रक्त जाऊ लागलं. अस्थिमज्जा दबली, जुलाब लागले. त्या चाचण्या थांबवल्या. नामांकित केंद्रात, मोजूनमापून शुद्ध द्रव्य दिलं तेव्हाची ही गत. तुमच्या काढ्यात ते किती उतरेल, कुणालाही सांगता येणार नाही. झाडात ते शेकडा एक भागाहूनही कमी असतं, आणि झाडागणिक बदलतं. कमी उतरलं तर काकांचा वेळ जाईल; जास्त उतरलं तर किमो चालू असतानाच आणखी एक किमो पोटात जाईल, तीही डॉक्टरांना नकळत.

चाचण्या थांबल्यावर हे द्रव्य दहा-बारा वर्षं अडगळीत पडलं. १९८५ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लेरॉय लिऊ यांच्या गटाने त्याचं लक्ष्य टोपो-१ आहे हे दाखवलं, आणि लक्ष्य कळल्यावर रसायनशास्त्रज्ञांना कडं न उघडता पाण्यात विरघळणारी रूपं करण्यातला रस वाढला. जपानमध्ये याकुल्ट कंपनीने, हो, तीच, छोट्या बाटलीतलं आंबवलेलं दूध विकणारी, इरिनोटेकान तयार केलं. १९९४ मध्ये ते तिथे आणि १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याच वर्षी तिथे टोपोटेकान हे कॅम्प्टोथेसिनचं दुसरं रूपही आलं. ठाण्याच्या वाचकाच्या वडिलांना चालू आहे ते इरिनोटेकानच. काकांना आतड्याचा कॅन्सर आहे, म्हणजे त्यांनाही त्यांचे डॉक्टर कदाचित तेच देत असतील किंवा पुढे देतील. तुमच्या रानातल्या द्रव्याचं सुधारलेलं, मोजलेलं रूप त्यांच्यासाठी दवाखान्यात ठेवलेलं आहे.

गोणीवाल्यांबद्दल: परवानगीशिवाय राखीव जंगलातलं झाड तोडणं गुन्हा आहे. नरक्याची चोरटी तोड कोल्हापूर-सिंधुदुर्ग भागाला नवी नाही. वनखात्याला कळवा. तोडायला तुमच्याच गावातली पोरं रोजंदारीवर लावत असतील, तर ती पकडली जातात आणि माल घेणारा सुटतो, हे त्यांना जरूर सांगा.

*‘लघवीच्या संसर्गाला सिप्रोफ्लॉक्सासिन दिलंय. ते डीएनए कापणाऱ्या एन्झाइमवर काम करतं असं कुठेतरी वाचलं. मग ही किमोच झाली ना?’ (वाचक, मडगाव)*

नाही. तत्त्व तेच, पण एन्झाइम जिवाणूंचं. डीएनए गायरेज हे टोपो-२ चं जिवाणूंमधलं नातलग मार्टिन गेलर्ट आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये शोधलं. सिप्रो त्याला कापलेल्या अवस्थेत अडकवतं. आपल्या टोपो-२ ची घडण इतकी वेगळी आहे, की त्याला बाधायला याच्या कित्येक पट जास्त औषध लागेल. सांगितलेले दिवस पूर्ण घ्या. दूध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या यांच्याबरोबर घेऊ नका, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. आणि टाचेच्या वरची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) दुखायला लागली, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.